कच्च्या आहाराकडे वळायचंय? आधी ताटाची डावी बाजू वाढवा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई, वय ४७, वजन ७४ किलो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२, हिमोग्लोबिन १०.८. साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० ची गोळी दोन वेळा चालू आहे. घर शाकाहारी, दूध-दही-तूप रोजचं. त्यांना दूधदुभतं बंद करून फक्त न शिजवलेल्या अन्नावर यायचंय, पण एकदम नाही, हळूहळू. सुरुवात कुठून करावी, किती वेळ द्यावा, प्रोटीन कुठून मिळेल, आणि ७६ वर्षांचे सासरेही सोबत सुरू करतो म्हणतात तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, घाई करायची नाही हे तुम्ही आधीच ठरवलंत, त्यामुळे पुढचं बोलणं सोपं झालं. मला तुमच्या गळी एकच गोष्ट उतरवायची आहे. या वाटेवर शेवटच्या टोकापर्यंत जाण्याची गरज नाही. तुमची साखर, एलडीएल आणि वजन यांत जो फरक पडायचा, तो बहुतेक सगळा ताटातलं कच्चं अन्न नावापुरतं असतं तिथून निम्म्यापर्यंत नेताना पडतो, असा माझा आहारतज्ज्ञ म्हणून अनुभव आहे. निम्म्याच्या पुढे फायदा थोडा वाढतो आणि कमतरता भराभर वाढतात. म्हणून निम्म्यापर्यंत मी लोकांना उत्साहाने नेते, दोन तृतीयांशापर्यंत तपासण्या बघत बघत नेते, आणि त्यापुढे जाऊ नका असं स्पष्ट सांगते.

हे नुसतं माझं मत नाही. जर्मनीत वर्षानुवर्षं कच्च्या आहारावर राहिलेल्या २०१ जणांच्या तपासण्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) छान होतं, हे कौतुकाने सांगायला हवं. पण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएलही कमी होतं, होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं होतं आणि ३८ टक्के लोकांत बी१२ ची कमतरता होती. त्याच्या आधी, १९९९ मध्ये, तिथल्याच एका पाहणीत कडक कच्चा आहार घेणाऱ्या ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित किंवा बंद झालेली आढळली होती. पोट भरलेलं, पण शरीर उपाशी, असा तो प्रकार असतो. अर्धा किलो काकडी-टोमॅटो-गाजर खाल्लं तरी जेमतेम शंभर-सव्वाशे कॅलरी होतात. वजन उतरतं ते याच कारणाने, आणि ते नको तिथेही उतरत राहतं.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर गांधीजींचा घ्या. १९२९ मध्ये त्यांनी मोड आलेले गहू-हरभरे, कच्च्या भाज्या, फळं असा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मनापासून केला. पोट बिघडलं, अशक्तपणा आला आणि तो थांबवावा लागला. पुढे १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम ज्यांनी सुरू केला, त्यांचा हा अनुभव आहे. निसर्गोपचारावर श्रद्धा असलेल्या माणसानेही शरीराचं ऐकलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्याकडे वळू. भाजी आणायच्या आधी रक्त द्या. बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर. बी१२ ची तपासणी बी१२ ची गोळी सुरू करण्याआधीच करायची, नंतर केली तर खरी पातळी कळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी मध्यमवर्गीय पुरुषांपैकी ८१ टक्के जणांचं बी१२ कमी होतं. म्हणजे दूध-दही खाऊनही आपण आधीच काठावर असतो. त्यात तुमची मेटफॉर्मिन चालू आहे आणि ती गोळी बी१२ चं शोषण कमी करते. अशा स्थितीत दूधही बंद केलंत तर उरलासुरला आधार जातो.

बी१२ चा धोका असा की तो बराच काळ दिसत नाही. कच्च्या भाज्यांत फोलेट भरपूर असतं, त्यामुळे रक्त बरं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. तळपायांना मुंग्या आल्या, पाय बधिर वाटले की तुम्ही म्हणाल, साखरेमुळे असेल. तसं गृहीत धरू नका. दोन्हीची लक्षणं अगदी सारखी असतात. तपासणीत पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली आली तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनं देतील. पातळी बरी असली तरी दूध सोडणाऱ्याने बी१२ ची गोळी कायम घ्यायची, त्यात सवलत नाही. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्पिरुलिनात बी१२ असतं म्हणून विकतात, पण त्यातलं बहुतांश बी१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही. मोड, मातीतल्या भाज्या, आंबवलेले पदार्थ यांच्यावरही त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही.

हिमोग्लोबिन १०.८ का आहे ते शोधा. या वयात पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल तर बीटाच्या रसाने ते भरून निघणार नाही. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: लोह कमी असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून साखरेच्या दोन्ही तपासण्या सोबत करायला सांगितल्या. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, आकडे सुधारले की डॉक्टरच कमी करतील.

सुरुवात कुठून? आपल्या ताटातच तिची जागा ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावी बाजू मुळातच बरीचशी कच्ची असते, फक्त आपण ती चमचाभर वाढतो. पहिला महिना-सव्वा महिना एवढंच करा. दोन्ही जेवणांत मोठी वाटी भरून कोशिंबीर घ्या आणि पोळीला हात लावण्याआधी ती संपवा. आधी भाजी-कोशिंबीर आणि मग पोळी-भात अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. दुसऱ्या आठवड्यापासून एक पोळी आपोआप कमी होते, मुद्दाम कमी करावी लागत नाही.

दह्याशिवाय कोशिंबीर बेचव लागते, अशी तक्रार हमखास येते. मी सांगते तसं करून बघा. दोन काकड्या कोचवून घ्या, किसू नका, किसल्या की पाणी होतं. मूठभर शेंगदाणे सकाळी भिजत घालून ठेवलेले असतील, ते एक हिरवी मिरची, थोडं आलं आणि अर्ध्या लिंबाच्या रसाबरोबर जाडसर वाटा. हे वाटण काकडीत कालवा, वर कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं. मीठ अगदी पान घेताना. आणि वरून एक छोटा चमचा तेलाची फोडणी द्या: मोहरी, हिंग, कढीपत्ता. कच्च्या आहाराचे कट्टर लोक ४२ ते ४८ अंशांच्या वर काहीच तापवू देत नाहीत, त्यांना ही फोडणी चालणार नाही. मला चालते. एक चमचा फोडणीमुळे घरातली चार माणसं वाटीभर काकडी आवडीने खाणार असतील तर ती फोडणी राहू द्यावी. अन्नातली एन्झाइम उष्णतेने मरतात म्हणून कच्चंच खायचं, हे कारण मला पटत नाही. ती जठरातल्या आम्लातही टिकत नाहीत आणि पचनासाठी लागणारी एन्झाइम आपलं शरीर स्वतः बनवतं.

वाटली तर कैरीची आंबेडाळही करा. भिजवलेली हरभरा डाळ आणि कैरी असा हा कच्चा पदार्थ आपल्या चैत्रातलाच. पण डाळ चांगली भिजलेली हवी आणि दोन-तीन चमच्यांवर जाऊ नका, नाहीतर पोट धरून बसावं लागेल. सोलकढीही शिजवत नाहीत, दूधही लागत नाही. मात्र नारळाच्या दुधात संपृक्त चरबी बरीच असते आणि तुमचं एलडीएल १५२ आहे. आठवड्यातून एक-दोनदा अर्धी वाटी, रोज नको.

दुसऱ्या महिन्यात न्याहारी बदला. पोहे, उपमा, साबुदाण्याऐवजी एक फळ, मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम आणि कुटलेले तीळ. फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. पेरू, पपई, संत्रं, सफरचंद उत्तम. केळं घेतलं तर अर्धं-एक, आणि सोबत दाणे हवेतच. द्राक्षं नाशिकची असली तरी वाटीभराच्या पुढे नकोत, आणि खाण्याआधी बराच वेळ पाण्यात ठेवून चोळून धुवा. दिवसभर नुसत्या फळांवर राहण्याचे प्रकार तुमच्यासाठी अजिबात नाहीत.

मोड घरीच काढा. मूठभर मूग दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका, पुन्हा धुवा, निथळा आणि स्वच्छ, उकळून वाळवलेल्या फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत इवलासा पांढरा मोड दिसतो, थंडीत दिवस लागतो. मोड दाण्याएवढा झाला की पुरे, लांब वाढवू नका. फडकं सोडल्यावर आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर सगळे टाकून द्या, धुऊन वापरायचा मोह धरू नका. मोड ज्या ऊबेत आणि ओलाव्यात येतात त्यातच जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. त्यामुळे बाहेरचे पाकिटातले मोड कच्चे खाऊ नका. घरचे ताजे मूग त्याच दिवशी संपवा. गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध माणूस घरात असेल तर त्यांच्या वाटणीचे मोड चांगले वाफवून घ्या.

सगळी कडधान्यं कच्ची खाण्याजोगी नसतात, हे नीट लक्षात ठेवा. राजमा कच्चा किंवा नुसते मोड आणून खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात, तो भरपूर उकळावाच लागतो. वाल, पावटे, सोयाबीन हेही शिजवूनच. अळू आणि सुरण कच्चं कोणी खात नाही, पण मिक्सरमध्ये कोणताही पाला चालतो अशी समजूत झाली की लोक अळूही घालतात आणि घसा धरतो. दुधीचा रस घेत असाल तर आधी एक फोड चाखा. कडू लागली तर दुधी फेकून द्या, कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. पालकाची हिरवी स्मूदी रोज सकाळी पिण्याची जी टूम निघाली आहे, तिला माझा विरोध आहे. पालकात ऑक्झॅलेट खूप असतं, मूतखडा झालेल्यांनी तर तिच्या वाटेला जाऊ नये. कोथिंबीर, पुदिना, कोबी, मेथीची कोवळी पानं पालटून पालटून वापरा.

दूध तिसऱ्या महिन्यात. कच्चं वाढवणं आणि दूध सोडणं ही दोन कामं एकाच वेळी करू नका, नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला ते कळणारच नाही. आधी चहा. दुधाचा चहा दिवसातून तीनदा होत असेल तर दोन, मग एक, मग गवती चहा-लिंबावर या. जेवणाला लागून चहा नकोच, तो अन्नातलं लोह अडवतो आणि तुमचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे. लोहासाठी मोडांवर लिंबू पिळा, जेवणात आवळा, पेरू येऊ द्या. दही शेवटी सोडा. चहा सुटला आणि दही सोडायला मन होत नसेल, तर वाटीभर दही ठेवण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

आता प्रोटीन. तुम्हाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम हवं. मूठभर कोरड्या मुगाचं, म्हणजे ३० ग्रॅमचं, सात ग्रॅम. मोड आल्यावर वाटी भरते, पण त्यातलं प्रोटीन तेवढंच राहतं. ३० ग्रॅम शेंगदाणे साडेसात ग्रॅम. दोन मोठे चमचे तीळ चारेक ग्रॅम. भाज्या-फळं मिळून सहा-सात. बेरीज पंचविशीच्या आसपास थांबते. उरलेलं निम्मं कच्च्यातूनच आणायचं तर दाण्यांचा मारा करावा लागेल, आणि त्यातल्या तेलाने कॅलरी भरमसाट वाढतील. तेच एक वाटी घट्ट उसळ, एक वाटी डाळ आणि तीन लहान भाकऱ्या यांतून वीस-पंचवीस ग्रॅम सहज येतं. कडधान्यांत प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, ते शिजवल्यावर निष्प्रभ होतात. म्हणून शिजवलेली उसळ आणि वरण सोडू नका. सगळं कच्चं करण्याच्या हट्टात पहिला बळी डाळीचा जातो, आणि शाकाहारी माणसाला तीच सोडणं परवडत नाही.

कॅल्शियमचंही तसंच. रोजची गरज १००० मिलिग्रॅमची. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३६० मिलिग्रॅम असतं, आणि नाचणी भाकरी किंवा आंबिलीतूनच पोटात जाते. बिनसोललेले तीळ, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी जोडीला ठेवा. टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगाचं उपयोगी द्रव्यही शिजवल्यावर आणि थोड्या तेलाबरोबर जास्त मिळतं. काही अन्नाला चूल लागतेच.

मीठ बदलू नका. या आहाराकडे वळलेली मंडळी बहुधा सैंधवावर जातात, आणि त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. दूधही बंद, आयोडीनचं मीठही बंद, वर रोज कच्चा कोबी, असं झालं तर थायरॉइडला त्रास होऊ शकतो. साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. जवस दिवसाला एक-दीड चमचा, ताजं कुटून. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतरचा. नाशिकच्या थंडीत गाजर, मुळा, मटार, ओला हरभरा, बोरं, आवळे, पेरू सगळं ताजं आणि स्वच्छ मिळतं. पावसाळ्यात सुरुवात करू नका. गढूळ पाणी, चिखलातल्या पालेभाज्या, त्यातून टायफॉइड, आमांश आणि जंतांची अंडी, हे धोके खरे आहेत. चातुर्मासात पालेभाज्या टाळण्याची जुन्या लोकांची रीत मला आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची वाटते. त्या चार महिन्यांत कच्चं म्हणजे सोलून खायची फळं, काकडी, गाजर, आणि पाला सगळा शिजवून. एरवीही पालेभाजीची जुडी सोडून एकेक पान वाहत्या पाण्याखाली धुवायचं. जुडी तशीच पातेल्यात बुचकळून धुतली तर माती देठांत राहते.

सुरुवातीला पोट गुबारेल. अचानक चोथा वाढला की तसं होतंच. दर आठवड्याला वाटीभरापेक्षा जास्त वाढवू नका, पाणी वाढवा, सावकाश चावा. रात्री कच्चा कांदा, मुळा, कोबी सोसत नसेल तर कच्चं दुपारी आणि रात्री शिजवलेलं ठेवा, बऱ्याच जणींना हेच मानवतं. लिंबू, संत्रं खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास दात घासू नका. सतत आंबट फळं खाणाऱ्यांच्या दातांचं आवरण झिजतं.

तीन महिन्यांनी साखर, लिपिड, हिमोग्लोबिन पुन्हा बघा, सहा महिन्यांनी बी१२. मधल्या काळात केस मूठमूठ गळायला लागले, जिभेची आग झाली, सारखी थंडी वाजू लागली, मुंग्या आल्या किंवा पहिल्या महिन्यानंतरही वजन महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरत राहिलं, तर कच्च्याचं प्रमाण लगेच कमी करून डॉक्टरांना दाखवा. पाळी थांबली तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, तेही सांगा. शरीराची घाण बाहेर पडतेय, असं कोणी समजावलं तर ऐकू नका.

सासऱ्यांसाठी माझं उत्तर नाही असं आहे. ७६ व्या वर्षी भूक कमी, दात किंवा कवळी साथ देत नाही, स्नायू आधीच उतरणीला लागलेले असतात. त्या वयात पोट कच्च्या चोथ्याने भरलं तर डाळ-भाकरीला जागाच उरत नाही. त्यांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर शहाळं, केळी, भाज्यांचे रस यांतलं पोटॅशियम धोकादायक ठरू शकतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण अचानक बदलणंही चालत नाही. पण त्यांना तुमच्या सोबतीला बसायचंय ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांच्या ताटात बारीक कोचवलेली काकडी, पिकलेली पपई, वाफवलेले मूग, मऊ भात आणि दही वाढा. दही त्यांचं मुळीच बंद करू नका.